सिप्केचे सात ठोके

झ्युरिक, ४ मार्च

प्रिय मामा,

सोबतचं खोकं कोयत्यानं उघडू नकोस. आत माझी तीन वर्षं आहेत.

चार चाकांचं, बुटाच्या डब्याएवढं जे निघेल ते माझं यंत्र. नाव सिप्के. हो, आपल्या सिप्केवरूनच. आजोबांचा तो कुत्रा जसा नाक खाली घालून कुरणभर हिंडायचा, तसंच हे हिंडतं, म्हणून तोंडातून तेच नाव गेलं आणि प्रयोगशाळेत सगळ्यांनी उचललं. आता बदलता येत नाही, रागावू नकोस.

काम सांगते. शेजारच्या गोसेच्या थोरल्या कुरणात टिटव्यांची घरटी तू शोधतोस, बाजूला काठ्या रोवतोस, आणि गोसे काठ्यांभोवतीचं गवत सोडून बाकीचं कापतो. पण गावोगावचे शोधणारे आता म्हातारे झालेत (तू नाही, बाकीचे) आणि नवीन कुणी त्या चिखलात यायला तयार नाही. म्हणून सिप्के. त्यानं एकट्यानं फिरायचं, घरटं हेरायचं, अंड्यांपासून दूर राहायचं आणि मला इथे कळवायचं.

तू रोज सकाळी त्याला कुरणात सोड, संध्याकाळी घरी आण. आणि दर वर्षी काढतोस तसा फुल्या मारलेला नकाशा काढून मला पोस्टानं पाठव. सिप्के काय म्हणतो ते मी तुझ्या नकाशाशी ताडून बघणार आहे. तो शाळेतला पोर आणि तुझा नकाशा म्हणजे उत्तरांचं पुस्तक. एकावन्न वर्षांत तू रिकाम्या म्हटलेल्या जागी कधी अंडं निघालेलं नाही. गोसे तर तुझ्या शब्दावर डोळे मिटून कापणी करतो.

मेअखेर पक्षीरक्षक संघाची मंडळी बघायला येतील. त्यांना पटलं तर दहा गावांना दहा सिप्के मिळतील. नाही पटलं तर हा कपाटात आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगात.

साखरेचा पाव पाठव. इथल्या लोकांना पाव उत्तम जमतो, पण त्यात साखर घालायला ते लाजतात.

तुझी,
हिस्के


आल्डेवार्ड, १३ मार्च

हिस्के,

खोकं मिळालं. कोयत्यानंच उघडलं. तुझी तीन वर्षं शाबूत आहेत.

कुत्र्याचं नाव या डब्याला? सिप्के भुंकायचा, पोस्टमनला चावायचा आणि माझ्या ताटातलं पळवायचा. हा काय पळवणार? पहिल्याच दिवशी चरात पडला. काठीनं ओढून काढला आणि बशा पुसायच्या फडक्यानं पुसला. रात्री कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला, तर कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायच्या थांबल्या. आता चुलीशेजारी ठेवतो. पाहुण्याला म्हणून तेवढं करावंच लागतं.

गावातलं यंदाचं पहिलं अंडं मला नाही, पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईला सापडलं. मी गेलोच नव्हतो. वारा बोचरा होता.

तुझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं झालंय. तिकडे शाई महाग आहे का? जाड काळ्या पेनानं मोठं लिहीत जा. माझं अक्षर मोठं दिसेल तुला, कारण पेन नवं आहे. दुकानात दुसरं नव्हतं.

टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात. आपल्या बापजाद्यांनी खरोखरच आटवला, आणि त्या जमिनीवर ती अंडी घालते. तेव्हा तिची राखण आपल्या कपाळी आलीच. तुझ्या डब्याची मदत झाली तर मला वाईट वाटणार नाही. पण एक सांग, याला दिसतं कसं? कपाळावर एकच डोळा आहे, तोही वाटाण्याएवढा.

पाव पाठवलाय. साखर भरपूर आहे.

मामा


झ्युरिक, २२ मार्च

प्रिय मामा,

पाव एका बैठकीत संपवला. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या, त्यांनाही एक तुकडा दिला. तक्रार अशी, की माझा कपडे धुवायचा वार मंगळवार असताना मी बुधवारी मशीन लावलं. पाव खाऊन म्हणाल्या, "या वेळी सोडते." इथे याहून मोठी मैत्री होत नाही.

सिप्केला दिसतं कसं, हे विचारणारा तू पहिलाच. बाकीचे सगळे किंमत विचारतात.

नेहमीची यंत्रं क्षणाक्षणाला अख्खं चित्र तपासत बसतात. काही घडलेलं नसलं तरी गवताची प्रत्येक काडी पुन्हा मोजतात, म्हणून त्यांना बॅटरी पुरत नाही. सिप्केचं डोकं आम्ही प्राण्याच्या मेंदूवरून बेतलंय. चिपवर बारीक बारीक पेशी आहेत, पाखराच्या डोक्यात असतात तशा, फक्त धातूच्या नि वाळूच्या. एरवी सगळ्या गप्प. डोळ्यासमोर काही हललं, की जिथे हललं तेवढ्याच पेशी जाग्या होतात. प्रत्येकीला एक उंबरठा आहे. शेजारणींकडून आलेली कुजबुज त्या उंबरठ्यावर साठत जाते, आणि तो ओलांडला की ती एक ठोका देते. असे पुष्कळ ठोके जुळले की सिप्के मला कळवतो, 'इथे काहीतरी आहे.' आणि हे सगळं काडेपेटीएवढ्या बॅटरीवर, दिवसभर. शिवाय जे शिकतो ते त्या पेशींतच राहतं, फिरता फिरता.

आता खोट सांगते. त्याला हललेलंच दिसतं. अंडी काही हलत नाहीत. टिटवीही बसली की दगड. आणि वारा सुटला की सगळं कुरण हलतं. मी डोकं धरून बसलेय. तू कसं शोधतोस रे? लहानपणी तुझ्यामागून चालताना मला कधीच कळलं नाही. तू थांबायचास आणि तिथे अंडी असायची.

हे जाड पेनानं लिहिलंय. खूश?

हिस्के


आल्डेवार्ड, १ एप्रिल

हिस्के,

आता नीट ऐक, कारण हे मी फुकट कुणाला सांगत नाही.

अंडी शोधायचीच नसतात. पाखरू शोधायचं. टिटवी घरट्यावरून सरळ उडत नाही. माणूस लांब असतानाच ती मान खाली घालते आणि चोरासारखी पळते. वीस पावलं, कधी तीस. मग उडते आणि आरडाओरडा करते. नवखा माणूस ती उडाली तिथे जाऊन गवत चाळतो आणि घरटं मागेच राहतं. आपण तिची पळ जिथून सुरू झाली ती जागा मनात धरायची आणि तिथे जायचं. शिवाय गवत वाऱ्याबरोबर हलतं, पाखरू आपल्या मर्जीनं. दोन्हींतला फरक तुझ्या त्या पेशींना कळायला हवा. सिप्केला कळायचा, म्हणजे कुत्र्याला.

सोबत नकाशा. चार फुल्या आहेत. यंदा घरटी कमी आहेत.

गोसेला काय झालंय कळत नाही. पूर्वी वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा. हल्ली मी कुरणात गेलो की हा हजर. माझ्या बाजूनं चालतो, चर आला की उगाच म्हणतो, "हां, चर आला." मला काय चर माहीत नाही? याच चरांवरून साठ वर्षं काठीनं उड्या मारतोय. म्हातारपणी माणसाला एकटेपणा खात असेल. चालू देतो झालं.

पेन ठीक आहे. अजून जाड चालेल.

मामा


झ्युरिक, १० एप्रिल

मामा, तू सोनं आहेस!

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभं राहून वाचून दाखवलं. माझा सहकारी उर्स, जो कुणाच्याही वाक्याला मान हलवत नाही, तो म्हणाला, "तीन वर्षांत आपल्याला हे कुणीच कसं सांगितलं नाही?" आता सिप्के अंडी शोधत नाही, पळ शोधतो. वाऱ्याच्या उलट, जमिनीलगत जाणारी हालचाल दिसली, की ती सुरू झाली ती जागा धरायची. इथूनच सूचना पाठवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो ठोके द्यायला लागला!

पण आनंद चार दिवस टिकला. मग पत्रासोबतचा तुझा नकाशा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तुझ्या चार फुल्यांपैकी फाटकाजवळची एक त्याला सापडली. उरलेल्या तीन ठिकाणी तो गेला, फिरला आणि गप्प राहिला. आणि जिथे तुझं कुरण रिकामं आहे, तिथे सात ठिकाणी तो रोज ठोके देतो. रोज त्याच सात जागी! चुकतो तोही हट्टानं.

बहुतेक त्याच्या पेशी फार हळव्या झाल्यात. उंबरठे थोडे वाढवून बघते. तू एकदा त्या बाजूला नजर टाकशील का? उत्तरेकडचा चर आणि फाटक यांच्या मधला पट्टा. तिथे काही नाही ना?

हिस्के


आल्डेवार्ड, १८ एप्रिल

हिस्के,

पाहिलं. काही नाही.

डबा चुकतोय. तू म्हणतेस तसं कर.

गोसे यंदा पंचवीस तारखेला कापणी करणार होता. आता म्हणतो, यंत्राच्या पात्याला धार नाही, सहा मेला करू. तरुणपणी हाच माणूस पहाटे पाचला पातं घासत बसायचा. आळशी झालाय.

कंबर दुखते म्हणून पत्र छोटं.

मामा


झ्युरिक, २६ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला जड जातंय.

उंबरठे वाढवले. सिप्के इतका गप्प झाला, की फाटकाजवळचं घरटंही त्याला दिसेना. पुन्हा कमी केले, तर तेच सात. मी पंधरा दिवस धड झोपलेले नाही. वरिष्ठांनी काल बोलावून घेतलं. सरळच म्हणाले, "हिस्के, ज्याला रिकामं कुरण ओळखता येत नाही, तो संघापुढे न्यायचा कसा?" खरं आहे त्यांचं. येत्या शुक्रवारी, तीन तारखेला, मी सिप्केच्या डोक्यातलं सगळं शिकलेलं पुसून टाकणार. पुन्हा शिकवायला या हंगामात वेळ उरणार नाही, म्हणजे तो कपाटातच जाणार.

उर्स म्हणत होता, "तुझ्या मामाचा नकाशा चुकला असेल." मी त्याच्यावर इतकी ओरडले, की दोन खोल्यांपलीकडून लोक बघायला आले. म्हटलं, माझा मामा चुकला असेल तर सूर्य पश्चिमेला उगवला असेल. बिचारा तेव्हापासून माझ्यासाठी कॉफी आणतो.

आठवण म्हणून ते सात ठोके लिहून ठेवते, यात तुझ्या शिकवणीचाही वाटा आहे. पावलं फाटकापासून सरळ उत्तरेकडे, मग डावीकडे. एकशे चाळीस नि साठ. एकशे पंचावन्न नि बावीस. दोनशे दहा नि पंच्याऐंशी. दोनशे तीस नि दहा. दोनशे साठ नि चाळीस. तीनशे नि सत्तर. तीनशे वीस नि पंधरा.

सहा तारखेला गोसेला खुशाल कापू दे. निदान तुझ्या चार फुल्या तरी वाचतील.

तुझी,
हिस्के


आल्डेवार्ड, १ मे

हिस्के,

काल फोनवर मला एवढंच बोलता आलं. "पुसू नकोस, पत्र येतंय" म्हणालो आणि ठेवून दिला. तू उलट फोन केलास, तो वाजत होता, मी शेजारी उभा होतो. उचलला नाही. फोनवर मी खोटं फार सफाईनं बोलतो. कागदावर तेवढं जमत नाही, म्हणून कागद.

डबा चुकत नाही. मी चुकतोय. मी तुला खोटा नकाशा दिला.

त्या चार फुल्या मागच्या वर्षीच्या वहीतल्या आहेत, कोऱ्या कागदावर उतरवलेल्या. फाटकाजवळची खरी ठरली, तो नुसता योगायोग. यंदा मला एकही घरटं सापडलेलं नाही. डोळे गेलेत, पोरी. मागच्या उन्हाळ्यापासून. मधोमध राखेचा डाग पडल्यासारखं होतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, आजूबाजूचं तेवढं दिसतं. चहाची किटली दिसते, तिचं तोंड दिसत नाही. तुझं शेवटचं पत्र भिंगानं वाचायला दोन तास लागले. पेन दुकानात दुसरं होतं. वारा बोचरा नव्हता.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून माझ्याकडे राहतं काय? गावात मी कोण? रिन्से म्हणजे ज्याचा शब्द गोसे तपासून बघत नाही, तो. झाकली मूठ झाकलेलीच बरी, एवढा हंगाम निघून जाऊ दे, असं म्हणत राहिलो. राखण करणाऱ्या कुंपणानंच शेत खाल्लं. मी रिकामं म्हटलं की गोसे तिथे यंत्र घालणार, हे मला माहीत होतं. माहीत असून मी घरी बसून सूप पीत होतो. याची मला जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटलेली नाही.

तू त्या डब्याला पुसणार हे वाचलं, तेव्हा मात्र ताट सारून फोनपाशी गेलो. त्या उर्सवर माझ्यासाठी ओरडलीस, तेही सहन होईना.

नकाशा मला दिसत नाही, पण पावलं मोजता येतात. तू पावलं लिहिलीस हे देवाचे उपकार. काल दुपारी काठी घेतली आणि फाटकापासून निघालो. एकशे चाळीस, मग डावीकडे पन्नास. शेवटची दहा पावलं पायांवर चाललो नाही. माझ्या बुटाखालीच अंडी यायची. गुडघ्यांवर बसलो आणि तळहात गवतावरून पुढे सरकवत गेलो. वर टिटवी किंचाळत होती. ती मला दिसली, डोळ्याच्या कडेनं, काळी-पांढरी, गिरक्या घेताना. हलणारं अजून दिसतं मला. तुझ्या डब्याचं नि माझं दुखणं एकच आहे.

मग हाताला ऊब लागली.

गवत गार होतं आणि मधेच एक वाटीएवढी जागा गरम. चार अंडी, टोकं आत. मी एकेकावर बोट ठेवून मोजली. पन्नास वर्षं अंडी डोळ्यांनी बघितली, पण त्यांना इतकी ऊब असते हे मला माहीत नव्हतं. तिथेच बसून रडलो. बरं वाटलं. टिटवीला बसायला यायचं होतं, म्हणून लवकर उठलो.

तसाच गोसेच्या गोठ्यात गेलो. तो दूध काढायच्या तयारीत होता. म्हटलं, "गोसे, मला दिसत नाही. नकाशा खोटा आहे. थोरल्या कुरणात घरटी आहेत." त्यानं हातातली बादली खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या घालतो. म्हणाला, "बरं. काठ्या किती लागतील?"

एवढंच! मी वर्षभर छातीवर धोंडा घेऊन झोपलो आणि हा माणूस विचारतो काठ्या किती.

आज सकाळी आम्ही दोघं तुझी पावलं मोजत गेलो. सातांपैकी सहा खरी निघाली. पाच टिटव्यांची, आणि एक लांब चोचीच्या पाणपाखराचं, जे वरून गवत ओढून घेतं आणि माझ्या चांगल्या दिवसांतही मला दोनदाच सापडलंय. सातव्या जागी ससा बसला होता. सशाबद्दल त्याला फार बोलू नकोस, कुत्रा सिप्केही ससा दिसला की कामधंदा विसरायचा. फाटकाजवळचं धरून सात घरटी झाली. काठ्या रोवल्यात.

गोसे म्हणतो, लेवार्डनच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडची वेळ घेतलीय, दहा तारखेची. कधी घेतली विचारलं, तर गायीशी बोलायला लागला.

एकावन्न वह्या खऱ्या आणि बावन्नावी खोटी. मला माफ कर. तुझ्या त्या वरिष्ठांना हे पत्र दाखव. माझं नाव झाकू नकोस.

मामा


(पोस्टकार्ड)

आल्डेवार्ड, ७ मे

हिस्के,

काल कापणी झाली. गवताची सात बेटं ठेवली. सातही टिटव्या-पाखरं परत बसली.

पातं पहिल्यापासून ठीक होतं. रिन्सेला सांगू नकोस.

गोसे


आल्डेवार्ड, १३ मे

हिस्के,

डॉक्टर बाई तरुण आहेत आणि फार बोलतात. उजवा डोळा सुधारायचा नाही. डावा मात्र आहे तिथे थांबवता येईल, कदाचित थोडा मागेही आणता येईल. दर महिन्याला डोळ्यात सुई. गोसे शेजारी बसून म्हणाला, "गायी बऱ्या, त्यांना विचारत नाहीत." मला हसू फुटलं, तेवढ्यात सुई देऊन झाली होती.

आधी आला असतात तर उजवाही वाचला असता, असं त्या म्हणाल्या. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. लपवण्याचं माझं या जन्मीचं खातं संपलं.

काल फाटकाजवळची पिल्लं निघाली. गोसेनं सांगितलं, चार आहेत, आणि अंगावर टरफल असतानाच पळायला लागली. मी कुरणाकडे तोंड करून उभा राहिलो, आणि कडेकडेनं चार ठिपके पळताना मलाही दिसले. अगदी खरं सांगतो, दिसले.

सिप्के आता माझ्या पलंगाखाली झोपतो. सकाळी त्याला सोडलं की मी त्याच्या मागून चालतो, तो घरट्याजवळ थबकून वळसा घेतो, गोसे तिथे काठी रोवतो, आणि मी हात लावून मोजतो. पूर्वी एका माणसाचं काम होतं, आता तिघं लागतात. पण दिवस चांगला जातो. आणि छातीवरचा तो धोंडा गेल्यापासून झोप अशी लागते, की गोसेला दार वाजवून उठवावं लागतं.

तू अजून काहीच लिहिलं नाहीस. रागावली असशील तर तसं लिही. जाड पेनानं.

मामा


झ्युरिक, १७ मे

मामा,

हे पत्र अकरा कागदांचं आहे.

घाबरू नकोस. अक्षरं तळहाताएवढी आहेत. भिंग कपाटात ठेव.

रागावले होते. दोन दिवस. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. प्रत्येक पत्रात तुझं अक्षर वाढत होतं, आणि मी ते वाचून पेनाला हसत होते. हलत नाही ते दिसत नाही, हे यंत्राला शिकवणारी मीच.

वरिष्ठांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "सात जागी ठोका, सहा घरटी, एक ससा. माझी सही कुठे करू?" उर्सची मी माफी मागितली. तो म्हणाला, कॉफी मात्र चालू ठेवतो.

संघाची मंडळी अठ्ठावीसला तुझ्याकडे येतील. सिप्के दाखवायचा तूच. मी बाजूला उभी राहणार.

बावन्नावी वही फाडू नकोस. पहिल्या चार फुल्या राहू देत. त्यांच्याखाली सात मार आणि तारीख घाल.

गोसेला आळशी म्हणत जाऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. हे पत्र पोचेल तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेली असेन, म्हणजे खरं तर ते लिहायची गरज नव्हती. पण तुला एकदा तरी न अडखळता माझं पत्र वाचता यावं, अशी माझी इच्छा होती.

तुला फाटकापाशी उभं करायला गोसेला फोनवर सांगितलंय. मी दिसले नाही तरी चालेल. मी पळत येणार आहे.

तुझी,
हिस्के